पळसाचा देवदत्त

दुर्गाघाट, वाराणसी
९ जानेवारी १९९६

देवदत्त,

नावाआधी चिरंजीव लिहायचं की नाही, यात अर्धा तास गेला. दहा वर्षांत सवय मोडली. शेवटी लिहिलं नाही. राग गेला असा तुझा समज व्हायला नको.

मुद्द्याचं आधी सांगतो. अठरा मार्चला इथल्या कचहरीत तुझी साक्ष आहे. येऊ नकोस. ताप आला म्हण, पाय मोडला म्हण, विसरलो म्हण. मास्तर माणूस विसरला यावर न्यायाधीशांचाही विश्वास बसेल.

गेल्या मे महिन्यात तू परीक्षक म्हणून इथे चार दिवस राहिलास, विद्यापीठाजवळ लंकेवरच्या हॉटेलात उतरलास, आणि सख्ख्या भावाला ते पेपरातून कळलं. ‘नागपूरचे प्राध्यापक दे. बा. पुराणिक यांचा निर्भीड जबाब.’ तुझ्या वहिनीने कात्रण कापून डब्यात ठेवलंय. पुलाच्या कामावरच्या त्या तरुण इंजिनियरला ठेकेदाराने भरदुपारी जीपमधून उतरून गोळी घातली. चहाच्या दुकानातल्या वीस जणांनी माना फिरवल्या, आणि तू चष्मा पुसून नीट बघितलंस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. चौघांनी जबाब दिले होते, तिघे फिरले. ठेकेदार जामिनावर बाहेर आहे. आता त्याच्या आणि फासाच्या मध्ये उभा असलेला तू एकटा.

भाऊ म्हणून लिहीत नाही. भाऊपणा आपण अप्पांच्या दहाव्यालाच संपवला. तू मुंडण करणार नाही म्हणालास, हे सगळं थोतांड आहे म्हणालास, तेही अप्पांच्या पिंडासमोर. मी म्हणालो, “तू मला मेलास.” सगळ्या घाटाने ऐकलं. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी मी हे पत्र लिहिलं असतं, असं समज.

तुझ्या जिवावर कोण उठलंय ते मला कसं कळलं, हे विचारू नकोस. ओळखीचा एक माणूस आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, नागपूरच्या एका यात्रेकरूसोबत श्रीरामकाकांकडे पाठवतो. काका स्वतः तुझ्या हातात देतील. उत्तरही असंच पाठव.

वेणीमाधव

*

दुर्गाघाट
२७ जानेवारी १९९६

देवदत्त,

तुझं उत्तर मिळालं. “साक्ष देणार आहे. काळजी नसावी.” दोन ओळी, आणि तीही उघड्या पोस्टकार्डावर. आमचा पोस्टमन गल्लीतली सगळी कार्डं वाचतो आणि पानवाल्याला सांगतो. म्हणजे आतापर्यंत दुर्गाघाट ते ब्रह्मा घाट सगळ्यांना तुझा निर्धार कळला असेल. सांगितलं होतं ना टपाल नको म्हणून? काळजी नसावी म्हणे. मला गेले पंधरा दिवस जेवण जात नाही.

तेव्हा आता तो ओळखीचा माणूस कोण, ते सांगतोच. म्हणजे तरी तुला घाम फुटेल.

त्याचं नाव बिसेसर. गेल्या पितृपक्षात, पंचमीला, ब्रह्मा घाटावर माझ्या छत्रीखाली येऊन बसला. पस्तिशीचा, पांढरा कुर्ता, गालात पान. म्हणाला, “गुरू, आठ जन हैं. रोज सपने में आकर पानी मांगते हैं.” मी नावं विचारली, त्याने सांगितली. गोत्रं विचारली तर ओशाळला. “गोत्र पूछने का मौका नहीं मिला.” मला वाटलं, नाव बुडाली असेल, बस उलटली असेल. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं असतं, तसं म्हणत सात जणांना पाणी सोडलं. आठव्यापाशी तो अडला. “इसका नाम भी नहीं मालूम. नीली कमीज पहने था. गलती से हो गया.”

गलती से. मी तीळ हातात घेऊन तसाच बसलो. मग काश्यप गोत्राच्या निळ्या सदऱ्यालाही पाणी दिलं. संकल्पात निळा सदरा बसवताना अर्धे तीळ पायरीवर सांडले. बिसेसरने ते एकेक करून वेचून दिले.

तेव्हापासून तो येतोच. आधी अमावास्येला, मग दर सोमवारी, आता रोज सकाळी. स्वप्नं थांबली म्हणतो. तुझ्या वहिनीच्या हातचं थालीपीठ त्याला फार आवडतं. लीलाला मी सांगितलंय की तो ट्रकचा धंदा करतो. घरात शिरताना कमरेचं ते काढतो, गमछ्यात गुंडाळतो आणि देवघरात सहाणेशेजारी ठेवतो. लीलाला तो त्याचा डबा वाटतो. एकदा झाडताना तिने उचलून बाजूला ठेवला, आणि मी आतल्या खोलीत रामरक्षा म्हणत उभा राहिलो.

तो ठेकेदाराचाच माणूस आहे. त्या मे महिन्यातलं कामही त्याचंच होतं, पण त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती म्हणून ठेकेदाराने स्वतः केलं. दाढ दुखली नसती तर तू बिसेसरला बघितलं असतंस. अशा गोष्टी तो थालीपीठ खाताना सांगतो.

मित्र म्हणावं का त्याला? मला बावन्न वर्षांत यजमान पुष्कळ मिळाले. माझ्याशी गप्पा मारायला म्हणून कोणी आलं नव्हतं. तो आला नाही तर मला चुकल्यासारखं होतं, आणि आला की तो कधी जातो याची वाट बघतो. दोन्ही खरं आहे.

येऊ नकोस.

वेणीमाधव

*

८ फेब्रुवारी

देवा,

हे पत्र वाचल्या दिवशी सुमेधाला आणि कस्तुरीला अकोल्याला माहेरी पाठव. शाळा बुडू दे.

काल सकाळी बिसेसर पाटावर बसला होता. लीला त्याला लोणी वाढत होती. तो म्हणाला, “गुरू, इस बार गोत्र पहले से पूछ लेते हैं. बाद में काश्यप-काश्यप करना अच्छा नहीं लगता.” खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. “देवदत्त पुराणिक, नागपूर. आप ही लोगों में का है.”

मी भारद्वाज म्हणालो.

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. ऐकलं नाही म्हणता आलं असतं, बघून सांगतो म्हणता आलं असतं. पण चाळीस वर्षं लोकांना गोत्रं सांगतोय, खोटं गोत्र सांगायला जीभ वळली नाही. बिसेसर म्हणाला, “आपका भी तो भारद्वाज है.” मी म्हणालो, बहुतांचं असतं. इथे सगळे मला वेणी गुरू म्हणतात, पुराणिक हे आडनाव गल्लीत कोणाला आठवतही नाही.

लोण्याचा चमचा लीलाच्या हातात तसाच राहिला. तिने तो परत भांड्यात ठेवला आणि आत गेली. बिसेसर म्हणाला, भाभीजी आज नाराज आहेत का?

काम होळीच्या आधी करायचं आहे. तुझा पत्ता त्याच्याकडे आहे. घर बदललेलंही त्याला ठाऊक आहे. कुठून मिळाला कोण जाणे.

दादा

*

१२ फेब्रुवारी

देवा,

पत्ता मीच दिला.

मागच्या पत्रात कोण जाणे लिहिलं, तेव्हापासून शाई बघवत नाही. आता सगळं लिहितो. अप्पांची नामावलीची बाडं तुला आठवतात. महाराष्ट्रातून यात्रेला आलेल्या घराण्यांच्या सात-सात पिढ्या, गावं, मुलंबाळं. कोजागिरीच्या सुमारास बिसेसर ती बघत बसला होता. म्हणाला, यात खरंच सगळं असतं? मी फुशारकीने म्हणालो, कोणतंही घराणं विचार. त्याने विचारलं, “पुराणिक. नागपूर.”

मला काय झालं सांगू? दहा वर्षांत माझ्यापुढे कोणी तुझं नाव काढलं नव्हतं. लीला काढत नाही, गल्ली काढत नाही, सगळे मला भितात. मी बाड शोधलंही नाही, ते पान मला हातानेच सापडतं. तुझ्या लग्नाची नोंद आहे, कस्तुरीच्या जन्माची आहे, धरमपेठेतून नव्या घरी गेलास ती आहे, सगळं श्रीरामकाकांना विचारून माझ्या अक्षरात लिहिलेलं. मी त्याला सगळं वाचून दाखवलं. घराचा नंबर, गल्ली, कस्तुरी कितवीत आहे ते. सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

त्याने विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणालो, ओळखीतलं घराणं आहे.

भाऊ म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच थांबली असती. पण मी ‘मेलास’ म्हणालो होतो ना, मला माझा शब्द मोठा.

परवा त्याला खरं सांगितलं. त्याने हातातला घास खाली ठेवला. मग ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता उठून सहाणेकडे जातो. तो म्हणाला, “पहले काहे नहीं बोले? भाई का पता ऐसे पढ़ रहे थे जैसे कथा बांच रहे हों. हम भी सोचें, गुरू की आवाज को क्या हो गया.” आणि रडला. मला भीती वाटत होती, तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नाही म्हणायची सोय त्याला नाही. तो नाही म्हणाला तर दुसरा कोणी नागपूरला जाईल, आणि तिसरा त्याच्याकडे येईल. म्हणून मी एक ठरवलंय. प्रेत सापडलं नाही तर आपल्यात पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, दहा दिवस सुतक, पिंड, सगळं रीतसर. तो मी तुझा करणार आहे, मणिकर्णिकेवर, सगळ्यांदेखत. बिसेसर ठेकेदाराला सांगेल, मास्तरला कन्हानच्या पुरात लोटून दिलं. नदीला या दिवसांत पूर नसतो, पण ठेकेदाराला नागपूरचा भूगोल येत नाही. आणि जिवंत भावाचं क्रियाकर्म कोणी ब्राह्मण करणार नाही, यावर अख्ख्या काशीचा विश्वास आहे. माझाही होता. अशाने त्या माणसाचं आयुष्य तुटतं म्हणतात. लीला दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही.

आता नीट वाच. सतरा तारखेला, शनिवारी सकाळी, बिसेसर तुझ्या दारात येईल. तू दार उघड. त्याला तुझा चष्मा आणि घड्याळ दे, ठेकेदाराला खूण हवी. चष्मा जुना दे. त्याच दिवशी कोणाला न सांगता अमरावतीला तुझ्या मित्राकडे निघून जा, आणि ठेकेदाराचं काय ते होईपर्यंत मेलेला राहा. शनिवारी महाशिवरात्र आहे, बिसेसरचा उपास असतो. साबुदाणा भिजवून ठेव. चहात साखर जास्त घाल.

त्याच्यावर माझा विश्वास आहे का? लीलाने हेच विचारलं. मी हो म्हणालो, मग मला उलटी झाली.

दादा

*

२२ फेब्रुवारी

देवा,

शनिवार, रविवार, सोमवारची दुपार. या अडीच दिवसांत मी काय केलं ते आठवत नाही. लीला म्हणते, मी गाईला द्यायचं ते स्वतः खाल्लं आणि स्वतःचं गाईला दिलं.

सोमवारी चार वाजता बिसेसर दारात उभा राहिला. हातात तुझा चष्मा. मी तो घेऊन काचांवर रक्त शोधू लागलो. मग त्याने कुर्त्याच्या आतून तुझी चिठ्ठी काढली. “आला, तीन वाट्या खिचडी खाल्ली, स्वयंपाकघराचा गळका नळ दुरुस्त करून गेला. दादा, हा तुझा मित्र आहे?” मी ती चिठ्ठी खाऊन टाकणार होतो, लीलाने काढून घेतली. बिसेसर म्हणाला, “मास्टर साहब आदमी ठीक हैं. खिचडी में नमक नहीं था.”

मंगळवारी तुला अग्नी दिला. तार आली, नदीत गेला, देह मिळाला नाही, असं गल्लीत सांगितलं. तीनशेसाठ देठ मोजून बांधले, डोक्याला नारळ. लीला मदतीला बसली. म्हणाली, “पोटाला जरा जास्त बांधा. भाऊजींचं पोट आता सुटलं असेल.” मग दोघंही हसलो, आणि दार लावलेलं आहे ना ते बघून आलो.

मी मुंडण केलं. ज्या मुंडणावरून आपलं दहा वर्षं तुटलं, ते अखेर मीच केलं, तेही तुझ्यासाठी. तुला हसू येईल तर हास. मणिकर्णिकेवर खोटं रडायचं असं ठरवून गेलो होतो. नारळ फुटल्याचा आवाज झाला आणि मला खरंच आवरेना. चिता राखणाऱ्या डोमाने मला धरलं. ठेकेदाराची दोन माणसं वरच्या पायरीवर भुईमूग खात उभी होती.

लोक भेटायला येतायत. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. पोहताना तू दोनदा बुडता बुडता वाचलास, हे सगळ्यांना एकदम आठवलंय.

सुमेधाला म्हणावं, कुंकू पुसायचं नाही. हे सगळं घाटापुरतं आहे.

दादा

*

१ मार्च

देवा,

काल तुझा दहावा झाला.

ठेकेदार आला होता. स्वतः. दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरून, पांढऱ्या धोतरात, केळ्यांची करंडी घेऊन. माझ्यासमोर हात जोडले, “बहुत दुख हुआ, पंडितजी,” म्हणाला आणि तिथेच माझ्या चटईवर बसला. बिसेसर चार पावलांवर भिंतीला टेकून उभा होता. मी पिंड मांडला आणि बाजूला झालो.

कावळा शिवेना.

सात-आठ कावळे होते, भिंतीवर, छत्रीवर, बांधलेल्या नावेवर. एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ठेकेदाराने विचारलं, कशाची वाट बघताय? गल्लीतल्या बिंदुमाधव भटजींनी हौसेने सगळं समजावून दिलं, की मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. आणि वर म्हणाले, माणूस मेलेलाच नसला तरी शिवत नाही. त्यांनी आपलं ज्ञान म्हणून सांगितलं. ठेकेदाराने माझ्याकडे बघितलं. मग बिसेसरकडे बघितलं. केळ्यांच्या करंडीवरचा हात त्याने काढून मांडीवर ठेवला.

मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. लीला म्हणाली, कस्तुरीचं शिक्षण आम्ही करू. कावळे बसूनच. बिंदुमाधव म्हणाले, पुस्तकं वाचनालयाला देऊ. कावळे बसूनच. पाऊण तास झाला. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि ठेकेदार माझी पाठ बघत होता.

शेवटी मी पुढे झालो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मोठ्याने म्हणालो, “देवा, मी तुला ‘मेलास’ म्हणालो होतो. चुकलो. तो शब्द मी परत घेतो. तू मला कधीच मेला नव्हतास.” बिसेसरही दोन पावलं पुढे येऊन, हात जोडून, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. आणि नावेवरचा कावळा उठला, सरळ आला आणि पिंडाला शिवला.

ठेकेदाराने सुटकेचा श्वास टाकला. त्याचा तर माझ्याहून मोठा होता. “भाई का प्रेम,” म्हणाला, आणि डोळे पुसून वर गेला.

तो गेला आणि मला नवीन भीती लागली. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवला कसा? तसाच ओल्या पंचाने एसटीडी बूथवर पळालो. अमरावतीचा फोन लागेना. तेवढ्यात किती वेळा तू मेलास ते मोजलं नाही. लागला तेव्हा तूच उचललास. दहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मला बोलता येईना, म्हणून फोन ठेवून दिला. तो मी होतो.

आता काही दिवस असाच मेलेला राहा. अठरा तारीख जाऊ दे.

तुझा दादा

*

दुर्गाघाट
२ एप्रिल १९९६

चिरंजीव देवदत्त,

तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक असायला हवं होतं. कचहरीत मी नव्हतो, पण गल्लीतल्या प्रत्येकाने मला ते करून दाखवलं आहे. ठेकेदाराचा वकील उठला, म्हणाला, साक्षीदाराचा स्वर्गवास झाला आहे, माझे अशील स्वतः त्याच्या दहाव्याला हजर होते. पुकारा करणाऱ्याने तरी रिवाज म्हणून नाव पुकारलं, आणि मागच्या बाकावरून तू “हाजिर” म्हणालास. एका कारकुनाने जानवं धरलं म्हणतात. तू मेलेला होतास म्हणून तुला त्या दिवशी कोणी अडवलं नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बिसेसरच्या आलं होतं.

साक्ष झाली, जामीन रद्द झाला, ठेकेदाराला तिथूनच आत नेलं. तू गावात चार तास होतास आणि घरी आला नाहीस. या वेळी मी रुसलो नाही.

तुला गाडीत बसवून बिसेसर इकडे आला. पाटावर बसला, तीन थालीपीठं खाल्ली. तेव्हा मला कळलं, दहाव्याला तो काय पुटपुटला होता ते. “मास्टर साहब, आपकी गवाही हम करवाएंगे.” अठरा दिवस मी समजत होतो की कावळ्याने माझं ऐकलं. मी त्याला म्हणालो, अरे, आता ते तुला सोडणार नाहीत, नागपूरला जा, बिहारात जा. तो म्हणाला, “गुरू, किताब में हमारा नाम लिख लीजिए. हमारे आगे-पीछे कोई नहीं है.” मी बाड उघडलं, गोत्र विचारलं. तो लाजला. “हंसिएगा मत. हमारा असली में काश्यप ही है.”

मग उठला, लीलाला वाकून नमस्कार केला आणि गेला. गमछ्यातलं ते सहाणेशेजारीच राहिलं. मी हाक मारली, “बिसेसर, तुझा डबा.” त्याने मागे न बघता हात हलवला.

तिसऱ्या दिवशी तो वरुणा नदीच्या पुलाखाली सापडला. देह मागायला कोणी आलं नाही, मी गेलो. बावीस तारखेला अग्नी दिला. परवा दहावा केला. चटई मोठी अंथरली होती, बसायला मी आणि लीला दोघंच. मी वाट बघायच्या तयारीने गेलो होतो. पिंड ठेवून हात काढला नाही तोच कावळा शिवला. त्याचं काहीच राहिलं नव्हतं. मला थोडा वेळ तरी तिथे बसायचं होतं.

येताना लीलाने पदराखालून ती गमछ्याची गुंडाळी काढली आणि भोसले घाटाच्या पुढे नावेतून गंगेत सोडली. ती म्हणाली, “डब्याला इतकं वजन असतं होय? पहिल्या दिवशीच कळलं मला. पण तुम्हाला कोणीतरी गप्पा मारायला मिळालं होतं.”

आता रोज सकाळी काश्यप गोत्राचे नऊ जण असतात. आठ अंदाजाने, एक खरा. निळ्या सदऱ्यालाही विसरत नाही.

एक काम राहिलं आहे. शास्त्राप्रमाणे तू मेलेला आहेस. जिवंत परतलेल्याला तुपाच्या कुंडात न्हाऊ घालून नव्याने जन्माला घालावं लागतं. बारसं, मुंज, सगळं पुन्हा. सुमेधाशी लग्नसुद्धा पुन्हा, तिला विचारून ठेव. हे सगळं वडीलधाऱ्याने करायचं असतं, आणि तुझं वडीलधारं मीच उरलोय. तू थोतांड म्हणशील. म्हण. नाव मी देवदत्तच ठेवीन.

वैशाखात मुहूर्त आहे. पण ये असं लिहिताना हात अडतो. कालपासून समोरच्या पानवाल्याकडे दोन अनोळखी माणसं बसून असतात. त्यांनी त्याला विचारलं, वेणी गुरू कोणता? दहाव्याला ठेकेदाराने माझ्या चटईवर बसून डोळे पुसले होते, ते तो विसरलेला नाही. लीलाला म्हटलं, तू अकोल्याला जा सुमेधाकडे. ती म्हणाली, भाकरी करून मग बघते, आणि अजून भाकरीच करते आहे. मला भीती वाटते, देवा. सकाळी घाटावर उतरताना पायरी मोजून उतरतो. बिसेसर असता तर त्याला विचारलं असतं की असे लोक साधारण किती दिवस नुसते बसतात.

माझं काही झालं तर पळस शोधत फिरू नकोस, मी इथेच सापडेन. मुंडणाचा आग्रह नाही. गोत्र तुला ठाऊक आहे. फक्त दहाव्याला कावळा अडला, तर कसली कसली आश्वासनं देत बसू नकोस. नुसतं मोठ्याने म्हण, “दादा, मी घरी आलोय.” लगेच शिवेल.

तुझा,
दादा